कुळाचे कागद आणि रक्ताची साक्ष

आपल्या कुळाचा मूळपुरुष कोण, तो कोठून आला, आपले आडनाव कसे पडले, हे कुतूहल माणसाला फार जुने आहे. अलीकडे या कुतूहलाला बाजारपेठ लाभली आहे. लहानशा नळीत थुंकी घालून ती प्रयोगशाळेकडे पाठवावी, काही हजार रुपये मोजावेत आणि काही आठवड्यांनी पूर्वजांच्या 'मूळस्थाना'चा रंगीत नकाशा घरी यावा, अशी सोय झाली आहे. शहरांतील सुस्थित कुटुंबांत हा एक निरुपद्रवी छंद मानला जातो.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यात मात्र कुळाचा शोध हा छंद कधीच नव्हता. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांतील आदिवासी मुलीला वैद्यकीय वा अभियांत्रिकी महाविद्यालयात राखीव जागा हवी असेल, तर तिच्या बापाला आधी आजा-पणजाचा कागद शोधावा लागतो. अनुसूचित जमातीसाठी तो कागद ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा असला तर उत्तम. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरली जाते. एका वर्गाला कुळाचा शोध हौसेने करता येतो, दुसऱ्या वर्गाला तो भाकरीसाठी करावा लागतो. एकाला न सापडलेला पूर्वज ही गंमत वाटते. दुसऱ्याचे न सापडलेल्या पूर्वजापायी शिक्षण थांबते. आडनाव, अभिलेख आणि रक्त या तिन्हींची चर्चा करताना हा फरक क्षणभरही नजरेआड होता कामा नये.

प्रथम आडनावाचाच विचार करावा. गोंदिया-भंडारा भागात मेश्राम हे आडनाव ठायी ठायी आढळते. बौद्ध घरांत ते आहे, गोंड घरांतही आहे. तेलंगणातील आदिलाबाद भागात केस्लापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिचा मान गोंडांच्या मेश्राम कुळाकडे आहे आणि गोदावरीचे पाणी पायी वाहून आणण्याचा विधी त्याच कुळाचे लोक पार पाडतात. इकडे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेली धम्मदीक्षा हाच आपल्या इतिहासाचा आरंभ मानणाऱ्या मेश्राम घराण्यांची संख्याही मोठी आहे. ठाकरे हे आडनाव पोवारांत आहे, कुणब्यांत आहे आणि कायस्थ प्रभूंतही आहे. राऊत तर जवळजवळ प्रत्येक जातीत सापडतात. तेव्हा केवळ आडनाव ऐकून माणसाचे कुळ, जात वा जमात ओळखता येते हा समज निराधार आहे. असे असूनही जातपडताळणीच्या दक्षता पथकाच्या अहवालात आडनाव, कुलदैवत, लग्नविधी यांची तपासणी होत आली आहे आणि 'अर्जदाराचे आडनाव या जमातीत आढळत नाही' अशा एका वाक्यावर लोकांचे दावे लोंबकळत राहिले आहेत.

आता अभिलेखांकडे वळावे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. आणि भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत व त्यानंतरच्या मध्य प्रदेशात, पुढे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. एकाच गावाने जागा न सोडता इतकी राज्ये बदलली. त्यामुळे येथील माणसाच्या पणजाचा शोध जमीनबंदोबस्ताच्या मिसलीपासून सुरू होतो, अधिकार अभिलेख पंजीतून जातो, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात डोकावतो आणि कोतवाल बुकापाशी येऊन थांबतो.

या प्रत्येक कागदाला स्वतःचा वर्गस्वभाव आहे. बंदोबस्ताची मिसल सारा वसूल करण्यासाठी तयार झाली. तीत मालगुजार आहे, कब्जेदार आहे, कूळ आहे. परंतु ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती तो शेतमजूर, गुराखी, सालदार त्या कागदावर उमटण्याचे कारणच नव्हते. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तिने मागे ठेवलेली कागदातली अनुपस्थिती संपली नाही. शाळेचे रजिस्टर शाळेत गेलेल्यांचेच असते. स्वातंत्र्यापूर्वी जंगलपट्टीतील किती पाड्यांना शाळेचे छप्पर दिसले होते? ज्याला शाळा नाकारली गेली त्याच्याच नातवाला आज शाळेचा दाखला मागितला जातो.

राहिले कोतवाल बुक. गावातील जन्म-मृत्यूची खबर गावकोतवालाने पोलीस ठाण्याला पोचवायची आणि लिहिता येणाऱ्याने ती लिहून घ्यायची, अशी मध्य प्रांतातील रीत होती. मराठी मुलखात कोतवालाचे काम बहुधा महाराकडे असे. ज्याला पाटलाच्या ओसरीवर चढण्याची मुभा नव्हती, त्याच्याच सांगण्यावरून साऱ्या गावाची वंशावळ सरकारदप्तरी चढली, हा इतिहासाचा एक मार्मिक विनोद आहे. पण खबर कोतवालाची असली तरी लेखणी दुसऱ्याची होती. जातीच्या रकान्यात काय लिहायचे हे लेखणीवाल्याच्या माहितीवर, घाईवर आणि अनेकदा मर्जीवर ठरले. बापाच्या नावाआधी 'वल्द', पुढे जात, आणि मूल 'मुलगा' की 'मुलगी' एवढेच. बाळाचे नाव पुष्कळदा नाहीच, आडनाव तर क्वचितच. एका ठिकाणी 'गोंड', सख्ख्या भावाच्या नोंदीत 'राजगोंड', तिसरीकडे अशुद्ध अक्षरात भलतेच काही, अशा विसंगतीचे भांडवल करून आज नातवाला खोटे ठरवता येते. लिहिणारा चुकला, शिक्षा मात्र ज्याला लिहिता येत नव्हते त्याच्या वंशजाला.

कागदाबाहेर स्मृतीचे एक मोठे दप्तर या जिल्ह्यात आहे. पोवार समाजाची छत्तीस कुळे प्रसिद्ध आहेत. बिसेन, पटले, कटरे, रहांगडाले, टेंभरे, बोपचे, तुरकर ही नावे गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव या तालुक्यांत घरोघर ऐकू येतात. माळव्यातील धार हे आपले मूळस्थान, अशी या समाजाची परंपरा सांगते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात ती नोंदली गेली: रामटेकजवळचे नगरधन हे पहिले ठाणे, तेथून वैनगंगेच्या पूर्वेकडे विस्तार, आणि चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत केलेल्या चाकरीबद्दल मिळालेली जमीन. पण या इतिहासाचे खरे पान कोणते? धार की वैनगंगेचे खोरे? या समाजाने येथे बांध घातले, पाणी अडवले, भाताची शेती उभी केली. कोहळी समाजाने तलाव बांधले. नवेगावबांधचा विशाल तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. राजा भोजाशी नाते जुळते की नाही, याहून या मातीत कोणी किती घाम गाळला हा प्रश्न मोठा आहे. आणि त्या बांधावर माती वाहणाऱ्या गोंड-महार मजुरांची नावे कोणत्याही वंशावळीत नाहीत.

भाटांच्या पोथीत कुळे टिकली, परंतु पोथी ठेवायला भाट पोसावा लागतो. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांचेही तेच. त्र्यंबकेश्वर किंवा हरिद्वार येथे यात्रेकरूंच्या पिढ्यांची नोंद आहे. हरिद्वारच्या वह्यांचे सूक्ष्मपटही अमेरिकेतील युटा येथील वंशशास्त्रीय संस्थेने घेतले आहेत. पण तीर्थयात्रेला जाण्याइतकी ऐपत असणे आणि देवळाच्या उंबरठ्याआत प्रवेश असणे ही त्या वहीत नाव येण्याची अट होती. शिवाय या साऱ्या वह्या पुरुषांच्या आहेत. सून म्हणून आलेली बाई नवऱ्याच्या नावामागे लपते, मुलगी म्हणून गेलेली बाई नाहीशीच होते.

गोंडांचे दप्तर निराळे आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेत कोंडलेल्या आपल्या पूर्वजांना पारी कुपार लिंगोने मुक्त केले आणि त्यांची कुळांत विभागणी केली, अशी त्यांची श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेला तेथे मध्य भारतातील अनेक राज्यांतून गोंड समाज लोटतो. या कुळांची देवके, नाती आणि सोयरिकीचे नियम परधानांनी वाद्याच्या साथीवर पिढ्यान्‌पिढ्या गाऊन जपले. म्हणजे कुळाचा इतिहास गोंडांजवळ नाही असे नाही. तो सरकारला समजणाऱ्या लिपीत नाही. भाटाची पोथी सरकारी ग्रंथकर्त्याने आदराने उतरून घेतली. परधानाचे गाणे 'दंतकथा' म्हणून बाजूला पडले. पुरावा कशाला म्हणावे हेही अखेर सत्ता ठरवते.

कायद्याने तर याहून विलक्षण गोष्ट केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जमातींची यादी प्रदेशाशी बांधलेली होती. विदर्भात मेळघाट, गडचिरोली व सिरोंचा, केळापूर, वणी व यवतमाळ या तालुक्यांतील गोंड अनुसूचित जमातीत होता. भंडारा जिल्ह्यातील गोंड नव्हता. ही क्षेत्रबंधने १९७६ च्या कायद्याने उठली आणि २७ जुलै १९७७ पासून तो कायदा अमलात आला. देव तेच, भाषा तीच, सोयरीक तीच. तरी वैनगंगेच्या काठचा गोंड सत्तावीस वर्षे कायद्याच्या लेखी आदिवासी नव्हता आणि एका सकाळी तो आदिवासी झाला. त्या रात्रीत त्याच्या रक्तात काय बदलले होते? काहीच नाही. अनुसूचित जमात ही राज्यसंस्थेने केलेली सामाजिक नोंद आहे, तिचे समर्थन ऐतिहासिक अन्यायात आहे. रक्तात ती शोधू जाणे हा मुळातच चुकीचा मार्ग आहे.

या चुकीची सर्वांत भीषण किंमत गोवारी समाजाने मोजली. भंडारा-गोंदिया-नागपूर भागात गावाची गुरे राखणारा हा समाज. अनुसूचित जमातींच्या यादीत अठराव्या क्रमांकाच्या नोंदीत 'गोंड गोवारी' असे दोन शब्द आहेत. हे दोन शब्द मिळून एक नाव, की त्यात गोवारी आलेच, एवढ्याच प्रश्नावर एका समाजाचे भवितव्य अडले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा गेला. त्यांना भेटायला सरकारचे कोणी आले नाही. लाठीमार व चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत स्त्रिया व मुले पुष्कळ होती. पुढे १९९५ मध्ये हा समाज विशेष मागास प्रवर्गात घातला गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, गोंड गोवारी नावाची स्वतंत्र जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली, सबब यादीतील नोंद गोवारींचीच, असा निर्णय दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गोंड गोवारी ही गोंडांची उपजमात आहे, नुसते गोवारी म्हणजे ते नव्हेत, असे न्यायालयाने ठरवले. मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नेमणुका तेवढ्या सुरक्षित ठेवल्या. त्याच अठराव्या नोंदीतील 'माना' या नावाबाबत मात्र २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, माना ही गोंडांची उपजमात नसली तरी स्वतंत्र अनुसूचित जमात आहे, असे मान्य केले होते. न्यायालयांनी शब्दांचा अर्थ लावला, तो त्यांचा अधिकार. पण १९१६ च्या ग्रंथातील एका परिच्छेदाभोवती शंभर वर्षांनंतरही गुराख्याच्या लेकराचे भविष्य फिरत राहावे, ही लोकशाही राज्याला शोभणारी स्थिती नव्हे.

अशा वेळी कोणी म्हणेल, की कागद अपुरे आणि स्मृती सांगोवांगी, तर विज्ञानालाच का विचारू नये? डी.एन.ए. तपासणी खोटे बोलत नाही. तिनेच जातीचा आणि कुळाचा निकाल लावावा. हा युक्तिवाद वरवर आकर्षक आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे.

बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जाणारा रक्तातील एकच धागा म्हणजे वाय गुणसूत्र. आडनावही बापाकडूनच येते, म्हणून आडनावाचा माग या गुणसूत्रावरून काढता येईल असे शास्त्रज्ञांना वाटले. इंग्लंडमध्ये ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या पुरुषांची अशी तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील सुमारे निम्म्यांचा धागा एकसारखा निघाला. उरलेले निम्मे? दत्तक, घरजावई, मालकाचे घेतलेले नाव, लग्नाबाहेरचे अपत्य, अशा मार्गांनी तेही त्या आडनावात आले होते, आणि त्या आडनावाचा इतिहास त्यांचाही होता. आपल्याकडे जेथे आडनावेच उशिरा स्थिर झाली, गावावरून, धंद्यावरून, पाटलावरून पडली, तेथे या धाग्याचा भरवसा तो किती धरावा?

दुसरे असे, की हा धागा असंख्य धाग्यांतील एक आहे. दहा पिढ्या मागे गेले, म्हणजे साधारणपणे देवगडच्या बख्त बुलंदाचा काळ आला, की प्रत्येक माणसाला त्या पिढीत १०२४ पूर्वजांची स्थाने असतात. वाय गुणसूत्र त्यांतील एकाची हकीकत सांगते, आईकडून येणारे सूत्रकणिकेचे डी.एन.ए. दुसऱ्या एकीची. उरलेल्या १०२२ जणांबद्दल आडनाव मुके आहे. पोवारांत एकाच कुळात लग्न होत नाही. बिसेनाची आई पटले, आजी कटरे, पणजी रहांगडाले. काही पिढ्यांत छत्तीस कुळांपैकी बहुतेक कुळांचे रक्त एकाच देहात नांदू लागते. 'मी अमुक कुळाचा' याचा अर्थ एवढाच, की तो माणूस अमुक नावाच्या घरात वाढला. राजा भोजाचे रक्त पडताळायला भोजाचा नमुना कोणत्याही प्रयोगशाळेजवळ नाही. कंपनी ज्याला मूळस्थान म्हणते ते तिच्या इतर ग्राहकांशी व साठवलेल्या नमुन्यांशी केलेल्या तुलनेचे अनुमान असते.

रक्तावरून जात शोधण्याचा उद्योग नवा नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावली होती. त्याच जातीच्या मापांचा आधार घेऊन बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात उलट निष्कर्ष दाखवून दिला: ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत असे मापांवरून मुळीच सिद्ध होत नाही. इरावतीबाई कर्वे यांनी वि. म. दांडेकरांसमवेत महाराष्ट्रातील शरीरमापनाचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे कै. मल्होत्रांबरोबर आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली. एकाच नावाखाली मोडणारे समूह एका रक्ताचे असतातच असे नाही, हेच त्यातून पुढे आले.

आधुनिक जनुकशास्त्र याच वाटेने गेले. हैदराबादच्या कोशिकीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील लालजी सिंग व के. थंगराज यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्ये दाखवले, की भारतातील जवळजवळ सर्व समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले आहेत. प्रमाण कमीजास्त, पण शुद्ध कोणीच नाही. २०१३ च्या संशोधनाने हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात घडल्याचे आणि नंतर बेटीबंदी घट्ट झाल्याचे दाखवले. म्हणजे जातिव्यवस्था निसर्गाने केली नाही; आधी मिसळलेल्या माणसांना तिने मागाहून वेगळे केले. विज्ञानाने जातीला दिलेला हा दाखला जातिश्रेष्ठत्वाचा नाही, जातीच्या अपराधाचा आहे.

गोंदियाच्या लोकांना रक्ततपासणीची खरी गरज एका वेगळ्याच कारणासाठी आहे, आणि ते कारण म्हणजे सिकलसेल. मध्य भारतातील या आजाराची नोंद नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये केली. ज्या प्रदेशात हिवताप शतकानुशतके माणसे मारत आला, तेथे हा जनुकीय बदल टिकला, कारण तो एकेरी वारशाने मिळालेल्याला हिवतापाच्या मरणापासून काहीसे संरक्षण मिळते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पूर्व विदर्भात हा दोष गोंडांत आहे, बौद्धांत आहे, कुणबी-तेल्यांतही आहे. १९८० च्या दशकातील अभ्यासांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली: भारतातील निरनिराळ्या जाती-जमातींत आढळणारा हा बदल बहुतांशी एकाच जनुकीय पार्श्वभूमीवर बसलेला आहे, म्हणजे त्याचा उगम एकच असावा. ज्यांच्यात रोटीव्यवहार नव्हता, बेटीव्यवहाराचे नाव काढता येत नव्हते, त्यांच्या रक्तात एकच खूण! स्मृतींनी जे नाकारले त्याची साक्ष रक्ताने ठेवली. ही साक्ष आईकडून आणि बापाकडून सारखीच येते. तिला आडनाव ठाऊक नाही.

१ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीचे कार्ड हाती देऊन काम संपत नाही. औषध, रक्त, समुपदेशन हे सारे उपकेंद्रापर्यंत पोचले पाहिजे, आणि वाहक असणे हा मुलीच्या लग्नातील कलंक ठरता कामा नये. पूर्वजांचा शोध घेणाऱ्या तंत्रज्ञानाचा न्याय्य उपयोग हा आहे. त्याच तंत्रज्ञानाचा बाजारू उपयोग कोठे नेतो, तेही दिसले आहे. अमेरिकेतील ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीकडे सुमारे दीड कोटी लोकांनी थुंकी पाठवली. २०२३ मध्ये तिच्याकडील सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीस गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. माणसांचा वारसा मालमत्तेच्या यादीत जाऊन बसला. भारतात डी.एन.ए. तंत्रज्ञानाच्या नियमनाचे २०१९ चे विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. कागदाची सक्ती सैल केली तर खोट्या दाखल्यांना रान मोकळे होईल, आणि त्यात भरडला जाईल तो खरा आदिवासीच. हा आक्षेप खोटा नाही. नामसाधर्म्याचा फायदा घेऊन इतरांनी आदिवासींच्या जागा बळकावल्याची तक्रार आदिवासी संघटना अनेक वर्षे करीत आहेत. हलबा-कोष्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली यादीच्या शब्दांत कोणालाही भर घालता येणार नाही असे बजावले. २०१७ मध्ये, दाखला अवैध ठरल्यास त्यावर मिळालेला लाभ राखता येणार नाही असेही सांगितले. तेव्हा पडताळणी हवीच. प्रश्न आहे तो पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर, आणि पुरावा कोणता, हा. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आत्मीयता चाचणी, म्हणजे जमातीच्या चालीरीती सांगता येणे, ही अंतिम कसोटी नव्हे असे स्पष्ट केले आणि संविधानपूर्व कागदांना मोठे महत्त्व दिले. शहरात वाढलेल्या मुलीला लग्नगीत आले नाही म्हणून ती परकी ठरू नये, हे योग्यच झाले. परंतु ज्याच्याजवळ संविधानपूर्व कागदच नाही त्याने काय करावे?

त्याचे उत्तर आपल्याच कायद्यांत आहे. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन आणि जुन्या अभिलेखातील व्यक्तीशी जोडणारी वंशावळ हे ग्राह्य पुरावे आहेत, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट समितीने धरू नये असे २०१२ च्या दुरुस्तीने म्हटले आहे. ग्रामसभेसमोर, साऱ्या गावाच्या साक्षीने, नाते सांगितले जाते. खोटे बोलणाऱ्याला कचेरीतील टेबलापेक्षा गावाची सभा अधिक अवघड असते. जंगलाच्या बाबतीत जी साक्ष चालते ती शाळेच्या बाबतीत का चालू नये?

मागण्या अवघड नाहीत. मिसल, अधिकार अभिलेख पंजी, कोतवाल बुके आणि दाखल-खारीज रजिस्टरे ही जनतेची मालमत्ता आहे. वाळवी लागण्याआधी त्यांच्या प्रतिमा काढून त्या ग्रामपंचायतीत विनामूल्य पाहता आल्या पाहिजेत. मराठवाड्यात कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि सरकारी यंत्रणेने लक्षावधी जुने कागद चाळले. बहुसंख्य आणि संघटित समाजासाठी शासन स्वतः दप्तरात उतरू शकते, तर देवरीच्या गोंडासाठी आणि सालेकशाच्या हलबासाठी ते का उतरू शकत नाही? एकदा बापाचा दाखला वैध ठरला की मुलांना, भावंडांना पुन्हा तेच दिव्य करायला लावू नये. नोंद नसेल तेथे ग्रामसभेची साक्ष ग्राह्य धरावी. आणि डी.एन.ए.चा पुरावा जात वा जमात ठरवण्यासाठी कोणत्याही समितीला कधीही मागता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद आजच करून ठेवावी. उद्या ती सोय स्वस्त झाली की मोह अनावर होईल.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना वंशशोधात १८७० च्या जनगणनेपाशी भिंत लागते, कारण त्याआधी गुलामांची नावे जनगणनेत लिहिलीच जात नव्हती. मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्या मराठी मजुरांची नावे, बापाचे नाव, जात आणि गाव तेथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात सापडतात, कारण मळेवाल्याला आपल्या मजुराचा हिशेब हवा होता. जगभर गरिबाचे नाव कागदावर आले ते मालकाच्या सोयीसाठी, आणि गाळले गेले तेही मालकाच्याच सोयीसाठी. स्वतंत्र भारताचे राज्य हे त्या मालकाचे वारस नाही. ज्याचा पणजा कागदात नाही त्याला दोषी धरण्याचा अधिकार या राज्याला नाही. कागदात त्याला जागा का मिळाली नाही, याचे उत्तर देण्याची जबाबदारी मात्र आहे.